संगणक बिघडला नाही, पत्ता चुकलाय!



शाळेच्या संगणक कक्षाला कुलूप का, असं विचारलं की कितीतरी वेळा एकच उत्तर मिळतं, "सॉफ्टवेअर खराब झालंय, माणूस बोलावलाय." तो माणूस भूममध्ये मिळाला तर ठीक, नाहीतर बार्शी किंवा धाराशिवहून यायचा. तो येईपर्यंत मुलांचा संगणकाचा तास बुडतो. घरी संगणक नसलेल्या मुलांचा कीबोर्डला हात लागतो तो फक्त शाळेत. त्यांच्यासाठी महिनाभर बंद असलेला कक्ष म्हणजे महिनाभर न झालेला अभ्यास. शिवाय आलेला माणूस घाईत "फॉरमॅट मारू का?" म्हणतो, आपण मान हलवतो, आणि मुलांचं साठवलेलं काम, निकालपत्रकं, फोटो सगळं पुसलं जातं.

यातले बरेच बिघाड हे बिघाडच नसतात. सॉफ्टवेअर धडधाकट असतं, संगणकही धडधाकट असतो. फक्त संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता चुकलेला असतो. हा पत्ता वाचायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. आपण शिक्षक आहोत, पत्रव्यवहाराचा धडा शिकवतो, मग हाही धडा आपल्याला जमण्यासारखाच आहे. आजच्या लेखात तो सोप्या भाषेत पाहू.

१) पत्ता म्हणजे काय?

आधी पोस्टाचा पत्ता आठवू. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिन कोड सुरू झाला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित आणि कवी. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या भाषा, न समजणारं अक्षर, यातून पत्र नीट पोचावं म्हणून सहा अंकांची ही युक्ती. भूमचा पिन कोड ४१३५०४ आणि धाराशिवचा ४१३५०१. दोन्हीत पहिले तीन अंक सारखे आहेत. त्यावरून टपाल कोणत्या विभागात न्यायचं ते कळतं. शेवटच्या तीन अंकांवरून नेमकं पोस्ट ऑफिस कळतं.

संगणकाचा पत्ता अगदी असाच असतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. सध्या आपल्याला जो जास्त दिसतो त्यात चार संख्या असतात आणि मध्ये टिंब असतं. उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. प्रत्येक संख्या ० ते २५५ च्या मधली. (स्क्रीनवर हे आकडे इंग्रजी अंकांत दिसतील.) यातला कोणता भाग 'गल्ली' आणि कोणता भाग 'घर', हे सांगणारा आणखी एक आकडा असतो, सबनेट मास्क. शाळेत आणि घरी तो बहुधा २५५.२५५.२५५.० असतो. म्हणजे पहिल्या तीन संख्या गल्लीच्या आणि शेवटची संख्या घराची. ज्यांची गल्ली एक, ते संगणक एकमेकांशी थेट बोलतात. गल्ली वेगळी असेल तर वायर एकच असूनही ते एकमेकांना सापडत नाहीत.

२) सगळीकडे १९२.१६८ च का दिसतं?

चार संख्यांच्या या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. १९८१ साली ही पद्धत ठरली तेव्हा ते भरपूर वाटले. पण पुढे संगणक वाढले, मोबाईल आले, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून संपले. आता आयपी व्हर्जन ६ ही खूप मोठी पद्धत हळूहळू रुळते आहे. पण घरात आणि शाळेत आजही जुनीच पद्धत दिसते, कारण काही पत्ते 'खासगी' म्हणून राखून ठेवलेले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच.

खासगी पत्ता म्हणजे "मारुतीच्या देवळाशेजारी". मारुतीचं देऊळ गावोगाव असतं. गावात हा पत्ता सांगितला की माणूस बरोबर पोचतो, पण गावाबाहेर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून ईटच्या शाळेत १९२.१६८.१.५ असू शकतो आणि वालवडच्या शाळेतही तोच असू शकतो. भांडण होत नाही. मात्र एकाच शाळेत दोघांना तो पत्ता मिळाला तर भांडण ठरलेलंच.

गावाबाहेर जायला वेस लागते. नेटवर्कची वेस म्हणजे गेटवे. आपल्या राउटरचा पत्ता हाच बहुधा गेटवे असतो, जसं १९२.१६८.१.१. इंटरनेटवर जाणारी प्रत्येक गोष्ट याच वेशीतून जाते.

आता पत्ते वाटतो कोण? कुंथलगिरीला यात्रेकरू आले की धर्मशाळेचे व्यवस्थापक रिकामी खोली बघून नंबर देतात. मुक्काम संपला की खोली परत, मग ती दुसऱ्याला. राउटर हेच काम करतो. या व्यवस्थेचं नाव डीएचसीपी. संगणक सुरू झाला की तो विचारतो, "मला पत्ता द्या." राउटर रिकामा पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. याला 'ऑटोमॅटिक' पत्ता म्हणतात. आपण हाताने लिहून कायमचा पत्ता दिला तर तो 'स्टॅटिक' किंवा 'मॅन्युअल'. पुढचे बरेचसे घोटाळे या दोन प्रकारांच्या सरमिसळीतून होतात.

३) पत्ता चुकला तर सॉफ्टवेअर का गोठतं?

वर्ग चालू आहे. बाईंनी एका मुलाला शेजारच्या वर्गातून नकाशा आणायला पाठवलं. पण तो वर्ग कालच दुसऱ्या खोलीत हलवलाय. पोरगं बंद दारापुढे उभं, आणि बाई ठरवून बसल्या आहेत की नकाशा आल्याशिवाय पुढचा शब्द बोलायचा नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बाईंना काहीतरी झालंय. बाईंना काहीच झालेलं नाही. त्या वाट बघत आहेत.

शाळेतल्या काही सॉफ्टवेअरचं असंच होतं. कक्षातला एक संगणक मुख्य असतो, सगळी माहिती त्याच्यात असते, आणि बाकीचे त्याच्याकडून ती मागतात. मुख्य संगणकाचा पत्ता सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवलेला असतो. तो पत्ता बदलला की सॉफ्टवेअर जुन्याच दारावर टकटक करत बसतं. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये वाट बघायची मुदत ठरवलेली असते. मुदत संपली की ते "सर्व्हर सापडत नाही" असं स्वच्छ सांगतं. ज्यात अशी सोय नीट केलेली नाही, ते गोठून बसतं. विंडोज वर लिहितं, 'नॉट रिस्पॉन्डिंग'. आपण चार वेळा क्लिक करतो, खिडकी पांढुरकी होते, आणि शेवटी ते बंद पडतं. काही सॉफ्टवेअर अपेक्षित उत्तर न आल्यामुळे गोंधळून स्वतःच बंद होतात. दोन्ही वेळा आपण म्हणतो, "सॉफ्टवेअर क्रॅश झालं."

याचं जगातलं मोठं उदाहरण आपण सगळ्यांनी अनुभवलंय. ४ ऑक्टोबर २०२१. कोरोनानंतर त्याच दिवशी राज्यात ग्रामीण भागातले ५ वी ते १२ वीचे वर्ग पुन्हा सुरू झाले होते. रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. नियमित देखभाल करताना दिलेल्या एका आज्ञेमुळे त्या कंपनीची केंद्रं एकमेकांपासून तुटली. मग नावावरून पत्ता सांगणाऱ्या त्यांच्या सर्व्हरकडे येणारी वाटच इंटरनेटवरून नाहीशी झाली. आपल्या मोबाईलमधलं ॲप शाबूत होतं, आपले मेसेजही शाबूत होते. फक्त "कुठे जायचं?" या प्रश्नाला उत्तर मिळत नव्हतं. त्या रात्री कुणी ॲप काढून पुन्हा टाकलं असतं तरी काही फरक पडला नसता. पत्ते परत आले आणि ॲप आपोआप चालू झालं.

एवढ्या मोठ्या कंपनीचं जे झालं, तेच लहान प्रमाणात आपल्या दहा संगणकांच्या खोलीत होतं.

४) शाळेत नेहमी होणारे पाच घोटाळे

पहिला: पत्ताच मिळाला नाही. आपल्याकडे वीज जाते आणि येते. आली की सगळं एकदम सुरू होतं. राउटर तयार व्हायला वेळ लागतो, संगणक त्याआधीच पत्ता मागून मोकळे होतात. उत्तर आलं नाही की विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता घेतं. हा आकडा दिसला की समजायचं, संगणक राउटरपर्यंत पोचलेलाच नाही. वायर निघाली असेल तरीही हेच दिसतं.

दुसरा: दोघांना एकच पत्ता. मुख्य संगणकाला हाताने १९२.१६८.१.१० दिला, पण राउटरला हे कुणी सांगितलंच नाही. सकाळी मुख्य संगणक बंद असताना एखाद्या सरांचा मोबाईल वायफायला जोडला गेला, आणि राउटरने तोच १० नंबर मोबाईलला दिला. नंतर मुख्य संगणक सुरू झाला की ओढाताण सुरू. कधी सॉफ्टवेअर चालतं, कधी मध्येच तुटतं. "काल चालत होतं, आज नाही, दुपारी पुन्हा चाललं" अशी तक्रार आली की आधी हाच संशय घ्यायचा.

तिसरा: राउटर बदलला आणि गल्लीच बदलली. नवं कनेक्शन घेतलं. जुना राउटर १९२.१६८.१ चे पत्ते द्यायचा, नवा १९२.१६८.० चे देतो. हाताने पत्ता दिलेले संगणक जुन्याच गल्लीत राहिले, बाकीचे नव्या गल्लीत गेले. इंटरनेट काहींवर चालतं, पण मुख्य संगणकावरचं सॉफ्टवेअर उघडत नाही.

चौथा: वेस चुकली. गेटवेची जागा रिकामी आहे किंवा तिथे जुन्या राउटरचा पत्ता आहे. गल्लीतलं सगळं चालतं, बाहेरचं काहीच नाही.

पाचवा: नावावरून पत्ता सापडत नाही. आपण वेबसाईटचं नाव टाइप करतो, पण संगणकाला आकडा लागतो. नावाचा आकडा सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. तिचा पत्ता चुकीचा असेल तर नेट असूनही नसल्यासारखं होतं.

५) तपासणी कशी करायची?

डॉक्टर आधी नाडी बघतात, औषध नंतर देतात. आपणही कुठलीही सेटिंग बदलण्याआधी वही घ्यायची आणि जे दिसतं ते लिहायचं.

पायरी १: सगळ्याच संगणकांवर होतंय की एकावर? एकावर होत असेल तर घोटाळा त्या संगणकात किंवा त्याच्या वायरीत. सगळ्यांवर होत असेल तर राउटर, स्विच किंवा मुख्य संगणकाकडे बघायचं.

पायरी २: सॉफ्टवेअर कधी गोठतं? उघडताना, लॉगिन करताना, सेव्ह करताना, म्हणजे दुसऱ्या संगणकाकडे काही मागताना गोठत असेल तर पत्त्याचा संशय पक्का. वायर काढून ठेवल्यावर साधं चित्रकलेचं सॉफ्टवेअरही बंद पडत असेल, किंवा अख्खा संगणकच बंद होत असेल, तर कारण वेगळं. रॅम, हार्ड डिस्क, उष्णता, व्हायरस यांपैकी काहीतरी. तिथे माणूस बोलवावाच लागेल.

पायरी ३: पत्ता वाचा. स्टार्टमध्ये सी, एम, डी ही तीन अक्षरं टाइप करून काळी खिडकी उघडा. तिच्यात आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही अक्षरं सलग लिहून एंटर दाबा. आयपीव्ही-फोर ॲड्रेस, सबनेट मास्क आणि डिफॉल्ट गेटवे या तीन ओळी वहीत उतरवा. नीट चालणाऱ्या संगणकावरही हेच करा. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की फरक आपोआप डोळ्यांत भरतो.

पायरी ४: हाक मारून बघा. त्याच खिडकीत पी, आय, एन, जी असं लिहून एक जागा सोडायची आणि पुढे पत्ता लिहायचा. हीच हाक, पिंग. क्रम असा ठेवा: आधी १२७.०.०.१, म्हणजे स्वतःलाच हाक. मग गेटवेचा पत्ता. मग मुख्य संगणकाचा पत्ता. मग ८.८.८.८, हा गुगलचा सर्वांसाठी खुला असलेला पत्ता. शेवटी एखाद्या वेबसाईटचं नाव. जिथे उत्तर यायचं थांबतं, तिथे वाट तुटली आहे. आकड्याला उत्तर येतं पण नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा.

इथे एक काळजी घ्यायची. विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा शेजारच्या संगणकाची हाक मुद्दाम टाळते. म्हणून मुख्य संगणकाने उत्तर दिलं नाही एवढ्यावरून तो बंद आहे असं ठरवू नका. बाकीच्या खुणाही जुळवून बघा.

६) दुरुस्ती

१६९.२५४ दिसत असेल तर वायर घट्ट बसवा, राउटर बंद करून चालू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या आणि मग संगणक पुन्हा सुरू करा. वीज आल्यावर आधी राउटर, मग मुख्य संगणक, मग मुलांचे संगणक हा क्रम भिंतीवर लिहूनच ठेवा.

मुलांच्या संगणकांना पत्ता ऑटोमॅटिकच असू द्या. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट असं जाऊन आयपी असाइनमेंटमध्ये ते निवडता येतं. मुख्य संगणकाचा आणि प्रिंटरचा पत्ता मात्र कायमचा हवा. तो राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा निवडा. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर मुख्य संगणकाला १०, प्रिंटरला २०. धर्मशाळेत व्यवस्थापकांची खोली यात्रेकरूंना देत नाहीत, तसंच.

राउटर बदलला असेल तर दोन वाटा आहेत. नव्या राउटरला जुन्या गल्लीचे पत्ते द्यायला सांगायचं, किंवा मुख्य संगणकाला नव्या गल्लीतला पत्ता देऊन सगळ्या संगणकांवरच्या सॉफ्टवेअरमध्ये तो लिहायचा. पहिली वाट सोपी, कारण बदल एकाच ठिकाणी होतो.

आता फॉरमॅटबद्दल. "आमच्याकडे फॉरमॅट मारल्यावरच चालू झालं" असं अनेक जण सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. फॉरमॅट केल्यावर विंडोज नव्याने बसतं, हाताने दिलेला जुना पत्ता पुसला जातो आणि संगणक राउटरकडून नवा पत्ता घेतो. म्हणून नेट चालू होतं. म्हणजे दोन मिनिटांत झाली असती अशी दुरुस्ती आपण सगळी माहिती पुसून केली. आणि हाच प्रयोग मुख्य संगणकावर झाला तर सॉफ्टवेअर तर चालणार नाहीच, वर त्यातल्या नोंदीही जातील. म्हणून फॉरमॅटला होकार देण्याआधी दोन प्रश्न विचारा, "पत्ता तपासला का? माहितीची प्रत काढली का?"

७) पत्त्याची नोंद ठेवा

जडसंग्रह नोंदवहीत आपण संगणकाची नोंद करतो, किंमत लिहितो, खरेदीची तारीख लिहितो. त्याचा पत्ता मात्र कुठेच नसतो. तो माहीत असलेले सर बदलून गेले की माहितीही त्यांच्याबरोबर जाते. म्हणून एक साधी वही करा. संगणकाचा क्रमांक, त्याचा पत्ता, ऑटोमॅटिक की कायमचा, राउटरचा पत्ता, कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या पत्त्यावर माहिती शोधतं, आणि शेवटचा बदल कोणत्या तारखेला कुणी केला. पासवर्ड मात्र भिंतीवर नको, मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात असू द्या.

८) पाचवीच्या वर्गात घ्यायचा खेळ

प्रत्येक मुलाला पत्त्याची चिठ्ठी द्या, १९२.१६८.१.२ पासून पुढे. एक मूल राउटर. मुलं एकमेकांना पत्त्यावर चिठ्ठ्या पाठवतील. दुसऱ्या फेरीत दोघांना गुपचूप एकच पत्ता द्या. एका चिठ्ठीला दोघं उठतील आणि वर्गात हशा पिकेल. तिसऱ्या फेरीत एका मुलाला १९२.१६८.०.७ द्या, त्याला कुणीच चिठ्ठी देऊ शकणार नाही. चौथ्या फेरीत चिठ्ठीचं उत्तर येईपर्यंत एकाने पुतळ्यासारखं उभं राहायचं, आणि दुसऱ्याने दहा अंक मोजून "उत्तर नाही" असं सांगून खाली बसायचं. गोठणारं सॉफ्टवेअर आणि शहाणं सॉफ्टवेअर यातला फरक मुलं कायम लक्षात ठेवतील.

९) पालकांसाठी

शाळेतला किंवा ऑफिसातला लॅपटॉप घरी आणल्यावर अभ्यासाचं सॉफ्टवेअर अडकत असेल, तर त्यात तिकडचा पत्ता हाताने लिहिलेला नाही ना ते बघा. जुना पत्ता वहीत लिहून घ्या, मग ऑटोमॅटिक करा. मोबाईलमध्येही वायफायच्या सेटिंगमध्ये 'डीएचसीपी' आणि 'स्टॅटिक' असे पर्याय असतात. घरी डीएचसीपीच ठेवा. मुलाच्या मोबाईलवर ॲप चालत नसेल तर ते काढून टाकण्याआधी वायफाय बंद करून मोबाईल डेटावर चालवून बघा. तिथे चाललं तर ॲप निर्दोष आहे, घरच्या वायफायची वाट तपासा.

एवढं केलं की प्रत्येक संगणक सुरू होईल, असं नाही. पण दुरुस्तीवाल्याला फोन करताना "चालत नाही" एवढंच न सांगता "पत्ता १६९.२५४ दाखवतोय, गेटवे उत्तर देत नाही" असं सांगता येईल. पुष्कळदा तो फोनवरच उपाय सांगेल, आणि त्याच दिवशी मुलांचा तास होईल. आपल्या कक्षातल्या संगणकांचे पत्ते या आठवड्यात एकदा वहीत उतरवून घ्या. पाचवी-सहावीच्या मुलांना सोबत घ्या, ती हे काम आपल्यापेक्षा हौसेने करतील.